१२३२ चुंबकांची तालीम आणि एका जोडाची गोष्ट

तारवाला | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

माझी सगळी नोकरी अणुऊर्जा खात्यात झाली. त्यातलं एक वर्ष मी जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत काढलं, चुंबकांच्या चाचणीच्या पाळ्या करत. लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे प्रोटॉन गोल फिरवून एकमेकांवर आदळवणारं तिथलं यंत्र, म्हटलं की लोकांना तिथं सापडलेला हिग्ज बोसॉन हा कण आठवतो. मला आठवतो एसएम-१८ नावाचा लांबलचक हॉल आणि त्यात रांगेनं ठेवलेली १५-१५ मीटर लांब, ३५ टन वजनाची निळी नळकांडी, म्हणजे त्या यंत्राचे चुंबक. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

प्रोटॉनला गोल वळवत ठेवायचं काम चुंबकांचं. आधी त्याचा हिशेब मांडतो, तो सोपा आहे. वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ०.३ नं गुणायचं, की प्रोटॉनची ऊर्जा जीईव्ही या एककात येते. बोगद्याचा परीघ २७ किलोमीटर, पण मधले सरळ तुकडे सोडले तर वळणाची त्रिज्या २८०४ मीटर उरते. ऊर्जा ७००० जीईव्ही हवी. मग क्षेत्र किती लागतं? ८.३३ टेस्ला. बोगदा आधीच्या यंत्रासाठी खणून झालेला होता, त्यामुळे त्रिज्येला हात लावता येत नव्हता. सगळा भार चुंबकावर आला. लोखंड २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. साध्या चुंबकांनी हीच ऊर्जा गाठायची तर १२० किलोमीटरचं वर्तुळ आणि ४० पट वीज लागली असती, असा सर्नचाच हिशेब आहे.

म्हणून अतिसंवाहक तार, म्हणजे खूप थंडीत विजेला अजिबात रोध न करणारी. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत नायोबियम-टायटॅनियमचे हजारो तंतू असतात, प्रत्येक तंतू ६-७ मायक्रॉनचा. अशा २८ किंवा ३६ तारा पिळून, चेपून एक चपटी केबल बनते. ही पद्धत ब्रिटनच्या रदरफर्ड प्रयोगशाळेतली, म्हणून ती रदरफर्ड केबल. तिच्यावर पॉलिइमाइडची फीत गुंडाळायची, १५ मीटरचं वेटोळं घालायचं, दाबाखाली तापवून ते घट्ट करायचं आणि भोवती पोलादी कॉलर प्रेसनं चेपून बसवायची. ही कॉलर म्हणजे चुंबकाचा कणाच. वेटोळ्यातून ११,८५० अँपिअर वाहू लागले की ते बाहेर फाकायला बघतं, दर मीटरला सुमारे ४०० टन जोरानं.

आता खरी अडचण. हा सगळा संसार १.९ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांना, अतिप्रवाही, म्हणजे चिकटपणा न उरलेल्या, द्रव हेलियमात बुडवलेला असतो. इतक्या थंडीत तांब्याची उष्णता पोटात घ्यायची ताकद खोलीतल्या तापमानाच्या दहा हजारांश भागाहूनही कमी होते. केबल काही मायक्रॉन सरकली, तरी त्या घर्षणाची ऊब तेवढा ठिपका अतिसंवाहक अवस्थेतून बाहेर काढायला पुरते. त्या ठिपक्यात विद्युत रोध उभा राहतो, रोधामुळे आणखी उष्णता होते, मग शेजारचा भाग जातो. यालाच क्वेंच म्हणतात.

पूर्ण प्रवाहाला एका चुंबकात साधारण ७ मेगाज्यूल ऊर्जा असते. हाच ३५ टनांचा चुंबक ताशी ७० किलोमीटरनं धावत असता तर त्यात जेवढी ऊर्जा असती, तेवढी. ती सगळी एका ठिपक्यात उतरली तर तार वितळून जाईल. म्हणून वेटोळ्यात ०.१ व्होल्टचा फरक १० मिलिसेकंद टिकलेला दिसला की संरक्षण यंत्रणा वेटोळ्यावरच्या पोलादी पट्ट्यांत ९०० व्होल्टला भारलेले कपॅसिटर मोकळे करते. पट्ट्या तापतात आणि उरलेलं वेटोळंही मुद्दाम क्वेंच करतात. एकाच्या डोक्यावरचं ओझं सगळ्यांनी वाटून घ्यावं, तसं.

त्या पट्ट्यांना वीज देणारे सुमारे ५,५०० संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननं बनवून दिलेले आहेत. क्षेत्रातल्या बारीक चुका दुरुस्त करणारे अठराशेच्या आसपास छोटे अतिसंवाहक चुंबक आणि चुंबक ज्यांच्यावर बसवून मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत सरळ करतात ते सुमारे ७ हजार जॅक, हेही भारतातून गेले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा त्यात मोठा वाटा.

आणि माणसंही गेली. ट्रॉम्बे, इंदूर, कोलकाता, कल्पक्कम इथून शंभराच्या वर अभियंते वर्ष-वर्षभरासाठी तुकड्या-तुकड्यांनी गेले आणि त्यांनी या चाचण्या चालवल्या. हॉलमध्ये १२ चाचणी-बाक, रात्रंदिवस पाळ्या. चुंबक बाकावर चढवायचा, निर्वात करायचा, गळती शोधायची, थंड करायचा, उच्चदाबाची विद्युत चाचणी घ्यायची आणि मग प्रवाह हळूहळू वाढवत क्वेंच होऊ द्यायचा. प्रोटॉनना वळवणारे १२३२ मुख्य चुंबक, म्हणजे द्विध्रुव, आणि त्यांच्या जोडीचे, प्रोटॉनची धार एकवटणारे चतुर्ध्रुव. २००७च्या सुरुवातीला काम संपलं.

मला रात्रपाळी आवडायची. पडद्यावर प्रवाहाची रेघ चढताना बघायची. १० हजार, १० हजार ५००... आणि एकदम कोसळायची. मग सगळे जण व्होल्टतारांचे, म्हणजे वेटोळ्यात जागोजागी व्होल्ट मोजणाऱ्या तारांचे, आलेख काढून बसायचे, कुठल्या ध्रुवाजवळ, कुठल्या थरात सुरुवात झाली ते शोधायला.

प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगेन.

अनघा_नाशिक | शनिवार, रात्री १०:०५

फार आवडलं. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. एक शंका आहे. प्रवाह वाढवून क्वेंच 'होऊ द्यायचा' म्हणजे काय? क्वेंच झाला तर चुंबक नापास ना?

तारवाला | शनिवार, रात्री १०:४०

अनघाताई, नाही. हीच तर यातली गंमत आहे. पहिल्यांदा प्रवाह चढवला की चुंबक समजा ७.८ टेस्लाला क्वेंच होतो. परत थंड करून चढवला की ८.२ ला. मग ८.५ ला. आकडे उदाहरणादाखल दिलेत, पण चाल हीच असते. इंग्रजीत याला ट्रेनिंग म्हणतात, मी तालीम म्हणतो. वेटोळ्यातली केबल प्रत्येक खेपेला जोर खाऊन थोडी सरकते आणि नव्या जागी घट्ट बसते. आधीच्या खेपेला जिथं सरकली, तिथं ती पुन्हा सहसा सरकत नाही. म्हणून पुढच्या खेपेला चुंबक वर जातो.

पण १२३२ चुंबकांना शेवटपर्यंत तालीम द्यायची तर वर्षं गेली असती, कारण प्रत्येक क्वेंचनंतर पुन्हा १.९ केल्विनला यायला तास जातात. म्हणून जो पहिल्या दोन-तीन क्वेंचमध्येच ठरलेल्या क्षेत्राच्या पुरेसा पुढे जाईल त्याला तिथंच सोडायचं, असं ठरलं. उरलेल्यांना जास्त वेळ द्यायचा. थंड अवस्थेतलं चुंबकीय मापनही सगळ्यांचं केलं नाही, साधारण पाचातल्या एकाचं केलं. बाकीच्यांचं कारखान्यात खोलीच्या तापमानाला केलेल्या मापनावरून काढलं. त्या मापनात जोडणीच्या चुकाही पकडल्या गेल्या, कारण वेटोळ्यात एखादी पट्टी इकडची तिकडे झाली तरी क्षेत्राचा आकार दहा हजारात एक-दोन भागांनी बदलतो आणि ते दिसतं.

एमआरआय_सेवेकरी | शनिवार, रात्री ११:२१

काका, आम्ही याच जातीचे चुंबक रोज सांभाळतो. दीड टेस्लाच्या एमआरआयमध्येही नायोबियम-टायटॅनियमच असतं, फक्त ४.२ केल्विनच्या साध्या द्रव हेलियमात. एकदा एका रुग्णालयात माझ्या समोर क्वेंच झाला. आधी एक घरघर, मग छतावरच्या नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट. हेलियम द्रवाचा वायू झाला की सातशे-साडेसातशे पट फुगतो. ती नळी नीट नसेल तर खोलीतला प्राणवायू ढकलला जातो. त्या दिवशी ती नीट होती. कुणाला काही झालं नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. आमच्याकडे क्वेंच म्हणजे संकट. तुमच्याकडे तो रोजचा व्यायाम होता, हे वाचून वेगळंच वाटलं.

शब्दवेल्हाळ | रविवार, सकाळी ७:५०

क्वेंचला मराठी शब्द हवा. लोहार तापलेलं हत्यार पाण्यात बुडवतो त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो, इंग्रजीत तिथंही क्वेंचच. पण इथं तर उलट आहे, गार वस्तू तापते. 'विझणं' कसं वाटतं? अतिसंवाहकता विझली.

तारवाला | रविवार, सकाळी ८:३०

'विझणं' छान आहे. 'चुंबक विझला' म्हटलं की काय झालं ते कळतं. पण आमच्या तोंडी 'क्वेंच झाला' हेच होतं. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्या पोरांच्या तोंडी. तालीम हा शब्द मात्र मी तिथंच वापरायला लागलो, माझ्या गावच्या तालमीमुळे. पैलवानाचंही असंच असतं. अंगावर ओझं घेतल्याशिवाय कुठला सांधा कच्चा आहे ते कळत नाही.

घाटमाथा | रविवार, सकाळी ९:१५

मग माझा प्रश्न सरळ आहे. प्रत्येक चुंबक तपासला, तालीम दिली. १० सप्टेंबर २००८ ला यंत्र सुरू झालं आणि १९ सप्टेंबरला मोडलं. हे कसं?

तारवाला | रविवार, दुपारी १२:४०

घाटमाथा, हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर लांब आहे.

यंत्राचे आठ भाग असतात. एका भागात १५४ द्विध्रुव एकामागे एक, एकाच माळेत ओवलेले. दोन चुंबकांच्या मधे, बोगद्यात उभं राहून, केबलला केबल डाखानं जोडायची आणि भोवती तांब्याचा आधार बसवायचा. असे १० हजारांहून जास्त जोड आहेत. चांगल्या जोडाचा रोध ०.३-०.४ नॅनोओहम. हे जोड एसएम-१८ मध्ये नव्हतेच, ते बोगद्यातच जन्मले. आमच्या बाकावर चुंबक एकटा यायचा, त्याला आमच्याच तारा लागायच्या.

१९ सप्टेंबरला '३-४' नावाच्या भागात प्रवाह ८,७०० अँपिअरपर्यंत चढवला होता. एक द्विध्रुव आणि त्याच्या शेजारचा चतुर्ध्रुव यांच्यामधला जोड गेला. त्याचा रोध सुमारे २०० नॅनोओहम असावा असा नंतरचा अंदाज आहे. जोड उघडला, विजेची ठिणगी पेटली आणि तिनं हेलियमच्या भांड्याला भोक पाडलं. हेलियम निर्वात आवरणात घुसलं. तिथल्या सुटकेच्या झडपा एवढ्या लोटासाठी बनवलेल्या नव्हत्या. दाब इतका वाढला की चुंबक जमिनीतल्या बोल्टांसकट उखडले. सुमारे ६ टन हेलियम गेलं. किरणनळीत, म्हणजे प्रोटॉनचा किरण धावतो त्या नळीत, काजळी पसरली. ५३ चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले: ३९ द्विध्रुव आणि १४ चतुर्ध्रुवांचे संच. ज्या माळेत हे घडलं तिच्यात त्या क्षणी सुमारे ६०० मेगाज्यूल ऊर्जा होती.

मी तेव्हा परत आलो होतो. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आपण पास केलेला एखादा चुंबक गेला का? दोन दिवस झोप लागली नाही. नंतर कळलं की दोष जोडात होता. सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं, कारण ज्यांनी ते जोड घातले तीही आमच्यासारखीच, पाळ्या करणारी माणसं.

जंपर | रविवार, दुपारी २:०५

मी वीज उपकेंद्रावर २२ वर्षं काम करतो. तुमचं वाचून कागदावर गणित केलं. ८,७०० चा वर्ग साडेसात कोटी, गुणिले २०० नॅनोओहम, बरोबर १५ वॅट. चांगला जोड असता तर वॅटचा चाळिसावा भाग. म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढ्या उष्णतेनं हे सगळं झालं?

आमच्याकडेही तेच असतं. तार क्वचित जळते. जळतो तो जोड, लग, जंपर. बोल्ट अर्धा आटा ढिला राहिला की भर उन्हाळ्यात, भार वाढला की तो लाल होतो. म्हणून आम्ही रात्री उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन फिरतो. एकदा आमच्याच वरिष्ठांनी माझी नोंद पुढच्या महिन्यावर ढकलली आणि आठव्या दिवशी फीडर गेला. तेव्हा मला विचारायचंय, त्या जोडाची ऊब आधी कुठं दिसली नव्हती का?

तारवाला | रविवार, दुपारी ३:३०

दिसली होती. अपघातानंतर आधीच्या चाचण्यांच्या तापमानाच्या नोंदी पुन्हा काढून बघितल्या तेव्हा त्याच जागी नेहमीपेक्षा जास्त उष्णता निघत असल्याची खूण सापडली. फरक केल्विनच्या काही शतांश भागांचा. अतिप्रवाही हेलियम उष्णता इतक्या झपाट्यानं पसरवतं की ऊब एका जागी साठून राहत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला निदान लाल ठिपका दिसतो.

आणि १५ वॅटनं फक्त सुरुवात झाली. खरी हानी झाली ती पुढं. तार विझल्यावर प्रवाह भोवतीच्या तांब्यातून जायला हवा होता, पण तिथं तांबं आणि डाख यांचा सलग स्पर्शच नसल्यानं त्याला वाट उरली नाही.

घाटमाथा | रविवार, दुपारी ४:१०

म्हणजे निष्काळजीपणाच ना? हजारो कोटींचं यंत्र आणि डाखाकडे लक्ष नाही.

जंपर | रविवार, दुपारी ४:४५

घाटमाथा, मी इतक्या लवकर तो शब्द वापरणार नाही. १० हजार जोड, अरुंद बोगदा, प्रत्येक जोड बसल्यावर त्यावर आवरण चढतं. एक खराब निघाला. आमच्या खात्यात १० हजारात एक म्हटलं तर पेढे वाटू. चूक मोजमापाची होती. ज्या गोष्टीनं यंत्र मोडू शकतं ती मोजायची सोयच पुरेशी बारीक नव्हती.

तारवाला | रविवार, सायंकाळी ६:००

जंपर यांच्याशी मी सहमत आहे, एक भर घालून. झडपांचा आकार ठरवताना एवढा मोठा लोट गृहीत धरलेला नव्हता. ती चूक कागदावरची होती, कारागिराची नव्हे.

नंतर काय केलं ते सांगतो. प्रत्येक जोडावरचा व्होल्टफरक बारकाईनं बघणारी नवी यंत्रणा आली. मोठ्या झडपा बसल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा सुरू झालं, पण प्रत्येक किरणाला ७ टीईव्हीऐवजी (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ३.५ आणि मग ४ टीईव्हीवरच चालवलं. हिग्ज २०१२ ला सापडला तो या अर्ध्या ताकदीवर. २०१३-१४ मध्ये सगळे जोड उघडून बघितले, बरेच पुन्हा घातले आणि प्रत्येकावर तांब्याच्या जादा पट्ट्या डाखून बसवल्या, म्हणजे आतला स्पर्श तुटला तरी प्रवाहाला दुसरी वाट राहील. २०१५ ला ६.५ टीईव्ही, २०२२ पासून ६.८. ठरलेले ७ अजून व्हायचेत.

आणि चुंबकांचं म्हणाल तर आमचे काही पैलवान शिकलेलं विसरले. बाकावर क्षेत्र गाठलेले चुंबक गरम होऊन, ट्रेलरवरून जाऊन, बोगद्यात पुन्हा थंड झाल्यावर आधीच्या पातळीखाली क्वेंच व्हायला लागले. ६.५ टीईव्हीसाठी दीडशेहून जास्त क्वेंच बोगद्यातच करावे लागले. असं का होतं हे पूर्ण उलगडलेलं नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच आहे.

अणुशक्तीनगरची_मुलगी | रविवार, रात्री ८:२०

हा धागा बाबांना वाचून दाखवला. तेही एका तुकडीबरोबर गेले होते, मी तेव्हा सातवीत होते. रविवारी फोन यायचा आणि आई विचारायची, 'आज किती झाले?' मला वाटायचं बाबा दिवसाला किती जेवतात ते विचारते आहे. ती चुंबक विचारायची. बाबा आता फार बोलत नाहीत, पण 'रेघ कोसळायची' हे वाक्य आलं तेव्हा हात वर करून त्यांनी हवेत ती रेघ काढून दाखवली. आभार.

तारवाला | रविवार, रात्री ८:३५

बाबांना माझा नमस्कार सांगा. कदाचित आम्ही एकमेकांना पाळी सोपवली असेल.

शिकागोकर | रविवार, रात्री ११:५०

उशिरा येतोय. मी शिकागोजवळच्या बटाव्हियाच्या बाजूला राहतो, फर्मीलॅब ही अमेरिकेची कणभौतिकी प्रयोगशाळा इथून २० मिनिटांवर. टेव्हाट्रॉन इथलंच. १९८३ ला सुरू झालेलं ते पहिलं मोठं अतिसंवाहक यंत्र, ७७४ द्विध्रुव, क्षेत्र ४ टेस्लाच्या थोडं वर. त्याच काळात ब्रुकहेवन या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेत इसाबेल नावाचं यंत्र उभं राहत होतं. त्यांनी रदरफर्ड केबलऐवजी विणलेली वेणी वापरली, चुंबक ५ टेस्लाला पोचेनात. शेवटी त्यांनीही केबल बदलून चुंबक जमवला, पण तोवर उशीर झाला होता. १९८३ लाच ते यंत्र रद्द झालं.

आता इथे सर्नच्या पुढच्या टप्प्यासाठी नायोबियम-टिनचे चतुर्ध्रुव चाचणीला येतात. तारेवर ११ टेस्लाच्या वर क्षेत्र असतं, नायोबियम-टायटॅनियमचं ते काम नाही. पण हा पदार्थ भाजल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून आधी कच्च्या तारेचं वेटोळं घालायचं, मग ते अख्खं वेटोळं ६५० अंशांच्या वरपर्यंत चढवत कित्येक दिवस भट्टीत ठेवायचं, मग इपॉक्सी भरायची. कुंभाराचं मडकंच. आकार द्यायचा तो भाजायच्या आधी.

अनघा_नाशिक | सोमवार, सकाळी ६:४०

मडक्याचं उदाहरण आज वर्गात वापरणार आहे. आणि जंपर यांचं १५ वॅटचं गणित तर फळ्यावर मुलांकडूनच करून घेते. तारवालाकाका, शेवटचा प्रश्न: मडक्याला तडा गेला तर बाहेरून कळतं का?

तारवाला | सोमवार, सकाळी ७:१५

बाहेरून नाही. तालमीतूनच कळतं. तंतू तुटलेला चुंबक क्वेंचमागून क्वेंच एकाच पातळीला, एकाच जागी विझत राहतो, वर सरकतच नाही. मुलांना दोन आलेख काढून दाखवा. चढत जाणारा आलेख दिसला तर केबल अजून बसते आहे. सपाट राहिला तर वेटोळं काढून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची वेळ आली.